तुमचा संबंध काय?

(नगरनियोजन मंत्री, नगरनियोजन मंडळाचे सदस्य, मुख्य नगरनियोजक आणि म्हापसा पालिकेतले आमचे सगळे नगरसेवक यांना खुले पत्र)

म्हापसा, शुक्रवार, 14 नोव्हेंबर 2025

महोदय,
स. न. वि. वि.

हे पत्र एका प्रश्नाचं उत्तर आहे. तो प्रश्न मला गेल्या वर्षी ऑक्टोबरात एका सरकारी कार्यालयाच्या खिडकीतून विचारला गेला. कार्यालय कोणतं ते सांगणार नाही. विचारणारा माझाच जुना विद्यार्थी, आणि प्रश्न त्याच्या मनातला नव्हता, समोरच्या फॉर्ममधला होता.

झालं असं. शुक्रवारच्या बाजारात हरमलच्या सुक्या मिरच्या घेतल्या. घरी येऊन पुडी सोडली आणि कागद टाकण्याआधी वाचला. छत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, छापलेला कागद न वाचता टाकवत नाही. जुन्या वर्तमानपत्राचं पान होतं. त्यावर झोन बदलासाठी आलेल्या अर्जांची यादी: गाव, सर्व्हे नंबर, चौरस मीटर, आत्ताचा झोन, मागितलेला झोन. बार्देश या आमच्या तालुक्याच्या ओळींवरून बोट फिरवत खाली आले आणि एका आकड्यावर अडले. आमच्या दारासमोरचं शेत. भातशेतीपुढे 'सेटलमेंट' असं लिहिलेलं, म्हणजे घरं बांधायची जमीन. हरकतींसाठी 30 दिवस. मी पानावरची तारीख पाहून बोटांवर मोजलं, 41 दिवस झाले होते.

तरी गेले. हरकत हाताने लिहिली, दोन प्रती काढल्या, मागे शेताचा, रस्त्याचा आणि ओहोळाचा नकाशा काढला. खिडकीतल्या मुलाने ओळखलं, बसायला स्टूल दिलं, अर्ज वाचला आणि अवघडून म्हणाला, "टीचर, मुदत सोंपल्या. आनी हांगा बरोवचें पडटा, त्या जाग्याचो आनी तुमचो संबंद कितें? तुमी मालक?"

नाही.

"कूळ?"

नाही.

"मुंडकार?"

दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारी, तेही नाही. मग त्याने त्या रकान्यात एक आडवी रेघ मारली.

ती रेघ मला वर्षभर खुपते आहे. त्या रकान्यात काय लिहायला हवं होतं ते आता लिहिते. जागा जरा जास्त लागेल.

आमचं घर पालिकेच्या हद्दीतलं शेवटचं. दारासमोर अरुंद रस्ता, रस्त्यापलीकडे शेजारच्या गावची पंचायत सुरू होते, आणि तिथेच हे शेत. वाड्याचं नि गावाचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं की याला जागेचं भांडण म्हणाल आणि कागद त्या कपाटात जाईल. शेत खाजनातलं. ज्यांनी गोवा फक्त किनाऱ्यावरून पाहिला त्यांच्यासाठी सांगते: खाजन म्हणजे खाडीला बांध घालून पूर्वजांनी मिळवलेली जमीन. बांधात मानस असते. भरतीच्या दाबाने तिची दारं आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. ना वीज, ना पंप. पावसाळ्यात डोंगरावरचं पाणी खाजनात उतरतं, तिथे बसतं, आणि ओहोटीला मानशीतून खाडीत जातं. बांध सांभाळायचं काम आधी गांवकारीकडे, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेकडे होतं, नंतर कूळ संघाकडे आलं. त्या दोघांच्या मध्ये कुठेतरी बांधाकडे बघायचं राहून गेलं, तो आमच्या लोकांचा दोष आणि तो मी झाकणार नाही. पण बांध खचला म्हणून शेत पडीक, पडीक म्हणून निरुपयोगी, निरुपयोगी म्हणून बांधकामाला मोकळं, हा हिशेब कोणाचा? पडीक शेतातही पाणी बसायचं.

फेब्रुवारीत भराव पडायला लागला. रात्री दहानंतर ट्रक यायचे, लाल माती आणि चिऱ्याच्या खाणीतला टाकाऊ माल ओतून जायचे. सकाळी आईंच्या (म्हणजे सासूबाईंच्या) तुळशीवर तांबडी धूळ. नगरनियोजन कायद्यात कलम 17-अ आहे. डोंगर कापायला आणि सखल जागा भरायला परवानगी लागते असं ते सांगतं. म्हणजे सखल जागा भरली की पाणी दुसरीकडे जातं, हे आमच्या विधानसभेलाही माहीत होतं. अशी परवानगी होती का, हे विचारायला गेले तर तिथेही तोच रकाना. शेवटी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. त्या कायद्यात कारण विचारत नाहीत, त्याचं भलं होवो. उत्तर आलं: फाइल प्रक्रियेत आहे. फाइल प्रक्रियेत असताना माती मात्र जागेवर पोचली होती.

यंदा पाऊस मेमध्येच आला. त्या शेवटच्या आठवड्यात पहाटे चारला उठले तर पायाखाली पाणी. स्वयंपाकघरात वीतभर. देवघरापुढचा पाट तरंगत दाराकडे निघाला होता, त्याच्यामागे पितळी समई आडवी. आईंचं वय चौऱ्याऐंशी. त्या पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या, आणि घाबरण्याऐवजी खरंच नवल वाटल्यासारख्या म्हणाल्या, "उदकाक आमचें घर कशें मेळ्ळें गो?" या घरात त्या सून म्हणून आल्या तेव्हापासून पाणी रस्त्यापलीकडे थांबत होतं. घर त्याला ठाऊक नव्हतं. ते आता ठाऊक झालं.

विहिरीचं पाणीही गेलं. चिऱ्यांनी बांधलेली, मे महिन्यातही हात-दीड हात पाणी धरणारी विहीर. जूनपासून पाण्याला गढूळपणा आणि वास. नळाला अस्नोड्याचं पाणी येतं, अस्नोड्याला तिळारीच्या कालव्यातून. कालवा फुटला की निम्मं बार्देश बादल्या घेऊन उभं राहतं, हे तुम्हालाही नवीन नाही. मग टँकर. टँकरचं पाणी कुठून येतं? दुसऱ्या कुठल्यातरी वाड्यावरच्या विहिरीतून. तिथल्या बाईलाही उद्या कोणी विचारेल, तुमचा संबंध काय.

तर त्या रकान्यात पहिली नोंद अशी करा: या जमिनीत बसणारं पाणी आता माझ्या स्वयंपाकघरात बसतं. सर्व्हे नंबरला दगड लागतो, पाण्याला लागत नाही.

दुसरी नोंद. त्या शेताला हिरवा रंग मी दिला होता. अगदी खरा रंग, पेन्सिलीचा.

तुमच्यातल्या तरुण सदस्यांना ते दिवस आठवणार नाहीत. 2006 च्या ऑगस्टमध्ये 2011 पर्यंतचा प्रादेशिक आराखडा अधिसूचित झाला आणि लोकांनी नकाशे उघडून पाहिले तर डोंगर, शेतं, किनारे यांच्यावर सेटलमेंटचा रंग. 'गोवा बचाव अभियान' उभं राहिलं. मी तोवर मोर्चा म्हणजे शाळेची प्रभातफेरी एवढंच पाहिलेली. पणजीच्या सभेला कदंब बसने उभ्याने गेले. 2007 च्या जानेवारीत सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. मग कृती दल नेमलं, त्यात वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया, आणि ठरलं की नवा आराखडा गावांना विचारून करायचा. माझी शाळा त्या शेजारच्या गावातली, म्हणून पंचायतीने नकाशा समजावून सांगायला मला बोलावलं. पंचायतीच्या व्हरांड्यात नकाशा पसरला. कोपऱ्यावर चार नारळ ठेवले, वाऱ्याने उडू नये म्हणून. शेतकरी, पदेर (पाववाले), एक पाडेली (नारळ पाडणारा), शाळेतली पोरं. वझर कुठे, मसणवट कुठे, पावसात पाणी कुठून येतं, हे एकेकाने बोटाने दाखवलं. पोरांनी रंग भरले. सगळं आम्ही म्हटलं तसंच छापून आलं असं नाही, कटकटी पुष्कळ झाल्या. पण 2021 चा आराखडा अधिसूचित झाला तेव्हा ते खाजन हिरवंच राहिलं.

2012 साली पुढच्या सरकारने तो आराखडा स्थगित ठेवला. त्यानंतर सुरू झाला किरकोळ विक्रीचा काळ. 2018 साली झोन बदलायचं एक कलम आलं. 2023 साली कलम 17(2) आलं, कारण दिलं की आराखड्यातल्या चुका दुरुस्त करायच्या आहेत. 2024 साली 39-अ आलं, त्याला चूक दुरुस्त करायचं कारणही लागत नाही. अर्ज करा, फी भरा, झोन मागा.

चुका मीही आयुष्यभर दुरुस्त केल्या, तांबड्या शाईने. पण ज्याला दुरुस्ती हवी त्यानेच फी भरायची आणि दुरुस्ती दर वेळी एकाच बाजूला झुकायची, असं कुठल्या वहीत पाहिलं नाही. त्या मिरच्यांच्या पुडीनंतर मी अशा याद्या जमवू लागले, जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यात ठेवते. एकाही यादीत सेटलमेंटचं शेत झालेलं मला सापडलेलं नाही. गेल्या मे महिन्यात गोव्यातल्या उच्च न्यायालयाने 17(2) खालचे नियम रद्द केले आणि त्या कलमालाही लगाम घातला. 39-अ विरुद्धही लोक न्यायालयात गेले आहेत. दर वेळी गावकऱ्यांनी वर्गणी काढून वकील लावायचा आणि सरकारने आमच्याच कराच्या पैशातून दुसऱ्या बाजूचा वकील उभा करायचा, हे किती वर्षं चालणार?

एक साधी गोष्ट विचारते. 2021 चा आराखडा म्हणजे 2021 पर्यंतचा. आज 2025 सरत आलं. नव्या आराखड्याचं काय झालं? पूर्ण राज्याचा आराखडा करायला सवड नाही आणि तुकड्यातुकड्याने बदलायला मात्र रोज सवड आहे, याचा अर्थ माझ्यासारख्या बाईने काय लावायचा?

तिसरी नोंद घराची. महामार्गावर गिरीपासून पर्वरीपर्यंत फलक बघत या. 'तुमचं दुसरं घर गोव्यात.' माझ्या मुलीचं पहिलं व्हायचं आहे. ती म्हापशात दवाखान्यात काम करते, भाड्याने राहत होती. दोन वर्षांत भाडं दुप्पट झालं, मालकाने वर सांगितलं की पर्यटकांना दिवसावर दिलं तर याहून मिळतं. ती आता डिचोलीहून ये-जा करते. सकाळी सातला बस, रात्री आठला घर. 2011 च्या जनगणनेत गोव्यातल्या साधारण दर पाच घरांमागे एक घर रिकामं आढळलं होतं. घरं कमी आहेत म्हणून शेतं घ्यावी लागतात, असं कोणी म्हणालं की मला ती जनगणना आठवते. घरं आहेत. त्यांत रात्री दिवा लागत नाही. आमच्या मागच्या बाजूच्या बंगल्यांची रांग मी रोज संध्याकाळी पाहते. बागेतले दिवे वेळेवर आपोआप लागतात, आत अंधार. ती विकताना 'शेताचं दृश्य' असं छापलं होतं. आता समोरच्याने शेतच भरलं, तेव्हा त्यातले दोन मालक दिल्लीहून येऊन माझ्याकडेच विचारायला आले की तक्रार कुठे करायची. मी त्यांना तीच खिडकी सांगितली. त्यांचाही रकाना बहुधा रिकामाच राहिला असेल.

हे सांगते आहे तर एक गोष्ट स्पष्ट करते, कारण अशा पत्राखाली लगेच 'भायले भायले' (बाहेरचे लोक) सुरू होतं. माझी तक्रार भायल्यांविरुद्ध नाही. ज्या पहाटे आमच्या घरात वीतभर पाणी होतं, त्या पहाटे भरावाच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या मजुरांच्या गुडघ्यापर्यंत होतं. कर्नाटकातली माणसं. त्यातल्या एकीने पोर आधी आमच्या खिडकीतून आत दिलं, मग ती आली. दोन दिवस आमच्या माळ्यावर राहिली. तिचा नवरा जे घर बांधतो आहे त्यात तो कधी राहणार नाही, आणि जिथे राहतो तिथे त्याला नळ नाही, संडास नाही. शहर बांधणाऱ्याचा शहराशी काय संबंध, हा रकानाही कधीतरी भरा. आणि हो, शेत विकणारा मालक आमचा गोंयकारच. वर्षानुवर्षं नुकसानीत शेती केली, मुलं परदेशी, बांध फुटलेला. त्याला कोणी विचारलं नाही, फक्त दलालाने विचारलं. त्याच्यावर माझा राग नाही. खाजन राखणं हे आमच्या सगळ्यांसाठीचं काम असेल तर त्याचा खर्च एकट्या शेतकऱ्यावर का?

आता तुम्ही म्हणाल, बाई, हरकती घ्यायला ग्रामसभा आहे. तिथेच तर गंमत आहे. शेत पंचायतीत, घर पालिकेत. ग्रामसभेला गेले तर सरपंचांनी मोठ्या आदराने सांगितलं, टीचर, तुम्ही बसा, पण तुमचं नाव आमच्या यादीत नाही. खरं होतं त्यांचं. मग पालिकेत कुठे बोलायचं? शहरातल्या माणसाला ग्रामसभेसारखं काही नाहीच. 74 व्या घटनादुरुस्तीने शहरांना प्रभाग समित्या दिल्या, पण सक्ती कुठे, तर 3 लाखांवर लोकसंख्या असलेल्या पालिकांत. गोव्यातलं एकही शहर तिथवर पोचत नाही. म्हापशात 40 हजारांच्या आसपास माणसं. 2011 च्या जनगणनेने गोव्याची 62 टक्के वस्ती शहरी ठरवली, देशातल्या राज्यांत सगळ्यांत जास्त, आणि तरी पालिकेच्या हद्दीत राहणाऱ्याला उभं राहून 'नको' म्हणायला एक खुर्ची नाही. वाड्यावरून शहरात आलो, रस्त्याला दिवे मिळाले, तोंड गेलं.

याचा परिणाम पणजीकरांना विचारा. 2016 साली त्यांचं शहर स्मार्ट ठरलं, आणि मग एकच रस्ता कितीदा खणला ते मोजायचं त्यांनी सोडून दिलं. मांडवीच्या काठी उभं राहिलं की नदीआधी कॅसिनोच्या बोटी दिसतात. पेडण्यात मोपाचा विमानतळ 2023 च्या जानेवारीत सुरू झाला आणि आसपासच्या डोंगरांचे भाव ऐकून तिथलीच माणसं दचकली. यंदा पर्वरीत उड्डाणपुलासाठी खाप्रेश्वराचा वड उपटून हलवला, लोक रस्त्यावर रडत होते. या प्रत्येकाची कारणं वेगळी, मी सगळी एका पोत्यात भरत नाही. पण ज्यांच्या दारात हे घडलं त्यांना आधी विचारलं का, एवढंच तपासून पाहा.

आणि आमचा बाजार. आई चाळीस वर्षं शुक्रवारी बसल्या. पहाटे डोक्यावर पाटी, लाल भाजी, मुळा, चिटकी, पावसात तवशी. सोपो (बाजारात बसायचा कर) भरायच्या, पावती पदराच्या गाठीत बांधायच्या. म्हापसा हे नावच मापावरून पडलं असं सांगतात, आणि त्यांच्याकडे बघून ते खरं वाटायचं. जुड्या मोजून झाल्या की हात अडखळायचा नाही, एक जुडी वर जायचीच. त्या बाजारात मयड्याची केळी, आगशीची वांगी, मातीच्या कुंड्या, काथ्याच्या दोऱ्या, पुरुमेंताचं (पावसाळ्याच्या साठवणीचं) सुकं मासळं हे सगळं जिथे पिकतं किंवा बनतं तिथून एका सकाळीत पोचण्याइतकं जवळ आहे. म्हणजे होतं. बाजार नव्याने बांधायच्या गोष्टी अधूनमधून कानावर येतात. छप्पर गळतं, गटार तुंबतं, दुरुस्ती हवीच, कोणी नाही म्हणत नाही. मला भीती वेगळी आहे. इमारत छान होईल, आणि खाली जमिनीवर बसणारी बाई कुठे बसेल हे नकाशात काढायचं राहून जाईल. तिचाही त्या जागेशी कागदावर संबंध नाही. पदरातल्या पावतीपुरता आहे. आणि तिचं शेत भरून टाकलं तर बसायला जागा देऊनही ती विकायला काय आणणार? परवा आई विचारत होत्या, बाजारात लाल भाजी बेळगावहून कशी काय येते.

1968 साली आंरी लफेव्र नावाच्या फ्रेंच विचारवंताने या सगळ्याला नाव दिलं: शहरावरचा हक्क. शहर कोणाचं? ज्याच्या नावावर आहे त्याचं, की जो रोज ते वापरून, झाडून, चालून, विकून जिवंत ठेवतो त्याचं? ब्राझीलने 2001 साली यावर कायदाच केला. जमिनीच्या मालकीला सामाजिक जबाबदारी आहे आणि शहराचा आराखडा लोकांना सोबत घेऊनच करायचा, असं त्यात आहे. कायदा पोर्तुगीजमध्ये आहे. आपल्या आजोबांच्या पिढीतल्या कितीकांना तो मूळ भाषेत वाचता आला असता, हे लिहिताना मला जरा हसूच आलं. आम्हाला ब्राझीलला जायची गरज नाही. गांवकारीचा अर्थच गावच्या जमिनीचा निर्णय गावाने मिळून घ्यायचा असा होता. त्यात उणिवा होत्या, बायकांना आणि खालच्या मानलेल्या जातींना त्यात जागा नव्हती, ती द्यायला हवी होती. आपण जागा दिली नाही, बैठकच मोडली.

मागण्या मांडते. भाषा साधी ठेवते, म्हणजे अर्थ लावायला समिती नेमावी लागणार नाही.

कलम 39-अ रद्द करा. न्यायालय काय म्हणतं त्याची वाट न बघता, विधानसभेत, तुमच्या हाताने. जे तुम्ही केलं ते तुम्हीच मागे घेतलंत तर त्याला माघार कोणी म्हणणार नाही. 2007 ला म्हटलं नव्हतं. तोवर या कलमाखाली आलेले अर्ज आहेत तिथे थांबवा, आणि ज्या शेतात भराव पडला आहे तिथली कामं बंद ठेवा. 2023 पासून आजवर ज्या ज्या सर्व्हे नंबरांचा झोन बदलला त्यांची गाववार यादी नकाशासकट जाहीर करा, मराठीत आणि कोंकणीत, पंचायतीच्या, पालिकेच्या आणि बाजाराच्या फलकावर. इंग्रजीतल्या सर्व्हे नंबरांची यादी ही सूचना होत नाही. सूचना ती, जी माझ्या सासूबाईंना कळेल.

नवा प्रादेशिक आराखडा करायला घ्या, 2008 सारखा, व्हरांड्यात नकाशे पसरून. नारळ आम्ही आणू.

शहरात प्रभाग सभा द्या. 3 लाखांचा आकडा ही घटनेने घातलेली सक्ती आहे, मनाई नाही. 40 हजारांच्या शहराला सभा द्यायला राज्याचा कायदा बदलला की झालं. आणि हद्दीवरच्या जमिनीचा प्रश्न असेल तेव्हा हद्दीच्या दोन्ही बाजूंच्या माणसांना बोलू द्या. भाडेकरूंना सुद्धा.

पाणी, सांडपाणी आणि रस्ता पुरेल असं संबंधित खात्याने सही करून लिहून दिल्याशिवाय मोठ्या बांधकामाला राहण्याचा दाखला देऊ नका. सही करणाऱ्याचं नाव फलकावर असू द्या.

खाजन राखणाऱ्या शेतकऱ्याला राखणीचे पैसे द्या. बांधाच्या दुरुस्तीचा खर्च सरकारने उचलावा, कारण पुराचा खर्च शेवटी सरकारच उचलतं, आणि त्याआधी आम्ही. रिकाम्या घरांवर वेगळा कर लावा, त्यातून इथे नोकरी करणाऱ्यांसाठी भाड्याची घरं बांधा. बाजाराच्या नव्या आराखड्यात आधी जमिनीवर बसणाऱ्या बायकांची रांग काढा, मग बाकीचं.

आणि त्या हरकतीच्या फॉर्ममधला तो रकाना काढून टाका. ठेवायचाच असेल तर त्यात 'शेजारी' हा पर्याय घाला.

पौषात श्री बोडगेश्वराची जत्रा भरेल. देऊळ शेतात आहे आणि देव रात्री दिवटी घेऊन राखण करत फिरतो अशी आमची श्रद्धा. तुमच्यातले बरेचजण दरवर्षी येता, यंदाही याल. येताना मुख्य रस्त्याने न येता आमच्या बाजूने या, जमलं तर पायी. रात्री दहानंतर आलात तर ट्रकही दिसतील.

मूळ हरकतीची प्रत आणि तिच्या मागचा नकाशा सोबत जोडला आहे. मुदत संपल्याचा शिक्का त्यावर आहेच, आडवी रेघही आहे. रेघेच्या वर मी आता पेनाने लिहिलं आहे: समोर राहते.

कळावे,
आपली,
एक निवृत्त शिक्षिका, म्हापसा